म्हशीनं चाटलेलं टेफ्लॉन

दिवाळीच्या पाडव्याला चार दिवस होते आणि पिराजीची म्हैस गोठ्यात ढोलासारखी फुगून उभी होती. तिला काय पाजायचं आणि काय नाही, हे माझ्या एका वाक्यावर अडलं होतं. ते वाक्य बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती. म्हणून मी खांबाला टेकून, म्हशीसारखाच, नुसता बघत उभा होतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी डब्यात काय होतं ते सांगितलं पाहिजे. डब्यावर काय होतं ते वेगळं.

शिवाजी पेठेतून रंकाळ्याकडं उतरताना डाव्या हाताला सयाजीशेठचं गॅरेज होतं. तिथं मी एकोणीस वर्षं गाड्या घासल्या. रंग मारायच्या आधी पत्रा घासायचा, रंग वाळला की पॉलिश मारायचं. सुरुवातीला मुंबईहून परदेशी पॉलिशचे खरे डबे यायचे. मग शेठला वाटलं, एवढ्याशा डब्यात असं आहे तरी काय? त्यानं मला विचारलं. मी वास घेतला, बोटावर चोळलं, चमच्यात घेऊन दिव्यावर धरलं. आठ दिवसांनी मी त्याला सांगितलं की हे आपण स्टोव्हवर करू शकतो. त्या दिवशी शेठनं मला पहिल्यांदा स्वतःच्या कपातला चहा दिला.

यात राजा म्हणजे मेण. शाहूवाडीकडचा एक मध काढणारा माणूस पोळ्याचं मेण आणून द्यायचा. त्यात मधमाश्यांचे पाय, पंख सगळं असायचं, ते आम्ही माझ्या बायकोच्या, तानूबाईच्या, जुन्या पातळातून गाळायचो. पण नुसतं पोळ्याचं मेण मऊ असतं, कोल्हापूरच्या उन्हात त्याला घाम फुटतो आणि रस्त्याची सगळी धूळ त्यावर येऊन बसते. नुसतं मेणबत्तीचं मेण ठिसूळ, ते फडक्याबरोबर निघून येतं. दोघांचा संसार लावून दिला की बरं चालतं. परदेशी डब्यात ब्राझीलच्या कुठल्याशा ताडाच्या पानावरचं मेण असायचं, काचेसारखं कडक. ते मी कुठून आणू? आमच्याकडचा ताड ताडी देतो, मेण देत नाही.

आता मेण पडलं घट्ट, ते गाडीवर पसरणार कसं? म्हणून टर्पेंटाइन. नवरदेवाला मांडवापर्यंत घेऊन येणारा घोडा असतो ना, तसं त्याचं काम. मेणाला मऊ करायचं, पत्र्यापर्यंत पोचवायचं आणि उडून जायचं. मागं राहतं ते मेण, आणि पाणी गाडीवरून घरंगळतं ते मेणामुळं. मग चकाकीसाठी आणि बोट घसरावं म्हणून सिलिकॉनचं तेल, चमचाभरच. ते जास्त झालं की रंगारी आयमाय काढतो, कारण तसल्या पत्र्यावर पुन्हा रंग मारला की रंग आक्रसतो आणि त्याला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. वरचा मेलेला रंग खरवडायला दात घासायची पांढरी पावडर. डबा उघडल्यावर गिऱ्हाइकाला माल विलायती वाटावा म्हणून जिलेबीचा पिवळा रंग आणि केवड्याचं अत्तर.

एवढंच. डब्यात सगळ्यात मोठी लबाडी करतं ते अत्तर, पण गिऱ्हाइकाला तेच सगळ्यात जास्त आवडायचं.

डब्याच्या बाहेर मात्र शेठनं छापखान्यातून वेगळीच दुनिया छापून आणली होती. निळा डबा, त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं आणि उगवता सूर्य. मला अठ्ठ्याण्णव सालापर्यंत डबा म्हणजे डबाच होता. त्या वर्षी आमच्या विहारात साक्षरतेचा वर्ग निघाला आणि छप्पन्नाव्या वर्षी मी पाटी घेऊन बसलो. अक्षरं लागायला लागली तेव्हा शेठचं मराठी पत्रक मी बोट ठेवून वाचलं. ‘जपानी तंत्रज्ञान. टेफ्लॉन आणि पॉलिमरचे अभेद्य कवच. पाच वर्षे रंगाची हमी.’ मी शेठला म्हणालो, ह्यातलं काहीच मी घातलेलं नाही, आणि हे कवच तर दोन महिन्यांच्या वर टिकत नाही. शेठ हसला.

“भाऊसो, वाचायला शिकलास ते बरं झालं. आता वाचून गप बसायलाबी शीक.”

ते मी फार लवकर शिकलो.

शिकलेली माणसं तर आमची फारच चांगली गिऱ्हाइकं. गणपतराव म्हणून एक मास्तर होते, शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले. लाल मारुतीला दर सहा महिन्यांनी कोटिंग करून घ्यायचे. टेफ्लॉन म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावून सांगितलं. तव्याला डोसा चिकटू नये म्हणून लावतात ते. त्याला कशाशीच चिकटायचं नसतं, तव्याशीसुद्धा नाही, म्हणून ते तव्यावर बसवायला तीनशे-साडेतीनशे डिग्रीची भट्टी लागते. मी विचारलं, मग तुमची मारुती आम्ही कुठल्या भट्टीत घातली? मास्तर म्हणाले की गाडीची थंड पद्धत असते. कुणी सांगितलं? तर सयाजीनं.

आता पिराजी. पिराजी शिवाजी पेठेतला गवळी, आमच्या गॅरेजच्या चहाला दूध त्याचंच. आमच्याकडं पाडव्याला म्हशी मिरवतात. आधी म्हैस भादरून तुळतुळीत करायची, तेल चोळायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, पायात चाळ घालायचे. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल उडवत पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं पळत. माणसं गर्दी करून बघतात. बायकोच्या नव्या लुगड्याकडं वर्षभर न बघणारा गवळी त्या दिवशी म्हशीच्या पाठीवरची माशी हातानं उडवतो. आदल्या वर्षी पिराजीची गजरा सगळ्यात देखणी होती, पण तेल लावलेल्या अंगावर रस्त्याची धूळ बसली आणि गंगावेशीपर्यंत तिचा वीटभट्टीवरचा रेडा झाला. शनिवार पेठेतल्या एका म्हशीनं भाव खाल्ला. ते पिराजीला वर्षभर सलत होतं.

दोन हजार तीनची दिवाळी. एका सकाळी पिराजी दूध घेऊन आला तेव्हा शेठ गणपतरावांच्या बॉनेटवर तांब्यानं पाणी ओतून दाखवत होता. पाण्याचे मोती होऊन घरंगळत होते. पिराजी किटली घेऊन तसाच उभा राहिला.

“शेट, ह्याच्यावर धूळ बसती काय वो?”

शेठ म्हणाला, धूळ काय, शेणसुद्धा बसत नाही.

“आणि कातड्यावर लावलं तर?”

शेठ विकायला बसला की देवाच्या मूर्तीलाही कोटिंग सुचवील. तो म्हणाला, तव्यावर बसतं, पत्र्यावर बसतं, मग कातड्यानं काय घोडं मारलंय? पिराजीनं जागच्या जागी एक डबा घेतला. मला वाटलं शिंगांना लावणार. शिंगांना लावायला काही हरकत नव्हती, बरंच दिसलं असतं. मी काही विचारलं नाही. फडकं बडवत राहिलो.

त्यानं गजराला खुरापासून शेपटीपर्यंत तीन हात मारले. मध्ये वाळू दिलं, फडक्यानं घासलं, अगदी मी मारुतीला घासतो तसं. पेठेतली माणसं येऊन बघून गेली. म्हशीच्या कुल्ल्यात बघून एकानं भांग पाडला म्हणे. दुपारी पिराजी जेवायला गेला आणि डबा गव्हाणीच्या कडेला उघडाच राहिला. गजराला केवड्याचा वास आला. आधी तिनं जीभ पोचेल तिथपर्यंत स्वतःला चाटलं, मग डबा पाडून जवळजवळ अर्धा साफ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजीची आई अंबूबाई अनवाणीच गॅरेजात आली. म्हणाली, म्हैस फुगलीय, रवंथ बंद आहे, आणि त्या डब्यात काय ते विचारायला डॉक्टरनं बोलावलंय. शेठनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि चप्पल घातली. गणपतराव बिलासाठी थांबले होते, तेही कुतूहलानं मागून आले. मी सगळ्यात मागं.

गोठ्यात डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या, संयोगिता नावाच्या. बाह्या कोपराच्या वर, पायात गमबूट. गजराची डावी कूस पाठीच्या कण्याच्याही वर आलेली, मान ताणलेली, श्वास घशात. अंग मात्र असं चमकत होतं की बघताना लाज वाटावी. मरायला टेकलेली म्हैस एवढी देखणी मी कधी बघितली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी निळा डबा उजेडात धरून इंग्रजी वाचलं. पॉलिमर, रेझिन, टेफ्लॉन. त्यांनी शेठला विचारलं, हेच आहे ना यात? शेठ म्हणाला, शंभर टक्के, जपानी माल. बाई म्हणाल्या की मग हे पोटात जाऊन नुसतं पडून राहील, शेणातून निघून जाईल, हिला गॅस झालाय तो दुसऱ्या कशानं. मग गॅसवरचं नेहमीचं औषध. त्यांनी पिशवीतून गोडेतेलाची बाटली काढली, दुसऱ्या बाटलीतून त्यात काही ओतलं आणि हलवलं.

वास माझ्यापर्यंत आला. त्या वासात मी एकोणीस वर्षं भाकरी खाल्ली होती. टर्पेंटाइन.

पोट फुगलेल्या जनावराला गोडेतेलातून थोडं टर्पेंटाइन देतात, हे मला माहीत होतं. थोडं औषध असतं. पण गजराच्या पोटात ते अर्ध्या डब्यातलं आधीच होतं आणि कातडीवर तीन हात. आतड्याला आग लागलेली, आणि बाई त्याच्यावर तेच ओतायला निघाल्या होत्या. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी जे छापलेलं होतं ते वाचलं होतं.

मी शेठकडं बघितलं. त्यालाही वास कळला होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जड.

“डॉक्टर शिकल्याली हाय, भाऊसो. तिचं काम तिला करू दे.”

मागं गणपतराव उभे, त्यांच्या मागं गल्लीतली दहा-पंधरा माणसं, त्यातली चार आमचीच कोटिंगवाली. माझं वय एकसष्ट. हात सोडला तर माझ्याकडं दुसरं हत्यार नव्हतं, आणि या वयाचा हात दुसरा कोण गॅरेजवाला ठेवणार? पिराजीनं वेसण धरून गजराचं तोंड वर केलं. बाईंनी बाटलीचं तोंड तिच्या गालफडात घातलं.

“बाई, थांबा,” मी म्हणालो. “तिच्या पोटात टर्पेंटाइन हायच.”

बाईंनी बाटली तशीच धरून माझ्याकडं मान वळवली. म्हणाल्या, काका, डब्यावर तसं काही नाही.

“डब्यावरचं शेटनं छापून आणलंय. डब्यातलं मी ढवळलंय.”

शेठचा हात खांद्यावरून निघाला. तो सगळ्यांकडं बघून हसत म्हणाला की म्हातारा झालाय, आयुष्य रंगाच्या वासात गेलं, डोक्यात गेलंय त्याच्या. पिराजी एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होता. बाईंनी बाटली बाहेर काढली आणि कागदाचं पॅड माझ्यापुढं धरलं. तोंडी नको म्हणाल्या, लिहून द्या, खाली सही करा, मी त्यावर उपचार करणार आहे.

मी गव्हाणीच्या कडेवर पॅड ठेवून लिहिलं. पोळ्याचं मेण. मेणबत्तीचं मेण दुप्पट. टर्पेंटाइन डब्याला दीड वाटी. सिलिकॉन तेल एक चमचा. दातांची पावडर. जिलेबीचा रंग. केवडा. टर्पेंटाइन लिहायला मला फार वेळ लागला, त्यात जोडाक्षर आहे. माझ्या खांद्यावरून गणपतराव वाचत होते आणि त्यांच्या श्वासाचा आवाज मोठा होत चालला होता.

“दातांची पावडर?” ते म्हणाले.

“घासाय लागती की, मास्तर.”

बाईंनी कागद वाचला. औषधाच्या बाटलीला बूच मारून ती लांब ठेवली. पोरीच्या वयाची बाई, पण तिनं शेठकडं असं बघितलं की शेठनं शर्टाची गुंडी लावली. मग त्यांनी पिशवीतून जाड पोकळ नळीची सुई काढली, डाव्या कुशीवर जागा चाचपली आणि म्हणाल्या, कुणी बिडी पेटवली असेल तर विझवा, नाहीतर आपण सगळे पाडव्याआधी आकाशकंदील होऊ.

सुई गेली आणि हवा सुटली. शिट्टीसारखा आवाज, बराच वेळ. आणि त्याबरोबर वास. म्हशीच्या पोटातून शेणाचा वास येईल म्हणून सगळ्यांनी नाकाला फडकी लावली होती, ती हळूहळू खाली आली. ताज्या रंगवलेल्या दाराचा आणि वर केवड्याचा घमघमाट. जणू म्हशीच्या पोटात कुणी लग्नघर रंगवायला काढलं होतं. माणसं हसायला लागली. अंबूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, आणि लगेच रडली.

गणपतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी तीनदा हुंगलं.

“सयाजी,” ते म्हणाले, “ह्यो वास माझ्या गाडीला येतो.”

शेठला काम आठवलं आणि तो गेला.

पुढं दोन तास मी आणि पिराजी गजराचं अंग धूत होतो. मेणावर नुसतं पाणी घालून उपयोग नाही, ते घरंगळतं, त्यासाठीच तर लावलेलं असतं. आधी कोरडा कोंडा चोळून मेण त्यात ओढून घ्यायचं, मग साबण, मग कोमट पाणी. हे पाच वेळा. आठ दिवस दूध काढून ओतून द्यायला बाईंनी सांगितलं. रतीब बंद, आणि पाडव्याचं मिरवणंही बंद. गजराच्या कुशीला पट्टी, चमक गेलेली, पण तिसऱ्या प्रहराला तिनं जबडा हलवला आणि रवंथ सुरू केलं. अंबूबाईनं तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, हळद चालंल, त्यात काय न्हाय.

पिराजी मला एकच गोष्ट बोलला, बादली पालथी घालताना.

“मामा, म्या डबा घेतला तवा तुमी तिथंच हुता न्हवं?”

मी हो म्हणालो. शिंगांचं सांगावं असं मनात आलं होतं, पण ते मलाच खरं वाटेना. मी तेव्हा शिंगांचा विचार केला नव्हता. काहीच विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो तर माझं फडकं आणि जेवणाचा डबा दाराबाहेर दगडावर ठेवलेला. शेठ ओरडला नाही. म्हणाला, भाऊसो, तू खरं बोललास त्याचा मला राग न्हाय, पण पंधरा माणसांत बोललास. एकट्याला बोलला असतास तर चाललं असतं. मी विचार केला, एकट्याला म्हणजे कुणाला, म्हशीला?

तानूबाईनं घरी दोन दिवस मला नुसतं वाढलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली की स्टोव्ह घराबाहेर ठेवणार असशील तर इथंच कर काय करायचं ते, माझ्या पातळाला मात्र हात लावायचा नाही. मी अंगणात पत्र्याखाली सुरू केलं. केवडा आणि जिलेबीचा रंग टाकून दिला. डब्यावर साधा कागद चिकटवला, त्यावर माझ्या अक्षरात काय काय आहे ते आणि खाली ‘दोन महिने टिकते’.

हे वाचून निम्मी गिऱ्हाइकं परत गेली. महिन्याभरात शेठनं डब्याचा रंग हिरवा केला, त्यावर उगवत्या सूर्याच्या जागी अणूचं चित्र आणि ‘नॅनो’ असं छापलं. आत काय आहे मला माहीत नाही, मेणबत्ती असणार. गणपतराव पुन्हा तिकडंच जातात. मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, भाऊसो, नॅनोचं शास्त्र वेगळं असतं. मी म्हटलं, असंल, मास्तर.

माझ्याकडं यायची ती जीपवाली माणसं. एकदा गारगोटीला जीपमधून माणसं नेणारा एक वडापवाला आला, आकाराम नावाचा. त्यानं डबा उघडला, नाकाशी नेला, कागद वाचायला माझ्याकडंच दिला. मी एकेक करून सांगितलं. कशानं पाणी जातं, कशानं मळ निघतो, काय उडून जातं. सगळं ऐकून त्यानं विचारलं:

“पावणं, त्या शिवाजी पेठेतल्या म्हशीनं खाल्लं ते हेच न्हवं?”

मी म्हणालो, हेच, पण त्यात केवडा होता.

“मेली न्हाय न्हवं ती?”

“मेली न्हाय. फुगली.”

त्यानं जीपकडं बघितलं. टपावर चौदा माणसं आणि एक शेळी बसवून ती जीप रोज गारगोटीचा घाट चढत होती.

“फुगंना तिकडं,” आकाराम म्हणाला. “दोन डबं द्या.”